गुडघ्याच्या हप्त्यांचा शेवटचा कागद

चहा घ्या तुम्ही, सावकाश सांगतो. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण या दोन हातांनी असा घोळ घातला की शिकलेली माणसं महिनाभर निस्तरत बसली. आता तुमच्यापासून काय लपवायचं!

माझी नात पूजा. तिला धुळ्याला नर्सिंगला प्रवेश मिळाला. फी भरायला दीड महिन्याची मुदत. घर माझ्या नावावर, म्हणून शिक्षणकर्जावर तिच्याबरोबर सही माझी. रावेरच्या बँकेतल्या साहेबांनी कॉम्प्युटरमध्ये पाहिलं आणि मान हलवली.

"आबा, तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर जुनं कर्ज थकलेलं दिसतंय. दवाखान्याचं. हे मिटल्याशिवाय नवं देता येणार नाही."

कोणी कधी कर्ज घेतलं, कसं फेडलं, याची नोंद त्या रिपोर्टात असते म्हणे. सहा वर्षांपूर्वी जळगावला आमच्या हिचा गुडघा बदलला, त्याचं ते कर्ज. पण मी तर सगळं फेडलं होतं! पूजाचं तोंड एवढंसं झालं. ते काही मला बघवेना.

दुसऱ्या दिवशी पूजाला घेऊन पहिल्या एसटीने जळगाव. थेट दवाखाना.

"तुम्ही मला खोटं पाडलं!" मी काउंटरवर ओरडलो. माझा आवाज मुळातच लहान. तीनदा ओरडावं लागलं.

काउंटरवरची बाई शांतपणे म्हणाली, "आबा, आमचे पैसे फायनान्स कंपनीने तेव्हाच दिले. तुम्ही हप्ते भरलेत ते त्या कंपनीला."

घ्या! दोन वर्षं मी हप्ते कोणाला भरले, हेच मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, ते दवाखान्याचंच वसुलीचं ऑफिस. दर महिन्याला हप्त्याबरोबर मी तिथे हिच्या गुडघ्याची खुशालीही सांगायचो. कारकून बिचारा ऐकून घ्यायचा.

कंपनीत गेलो, तर तोच कारकून!

"या आबा! आजींचा गुडघा काय म्हणतो?"

"गुडघा पळतो. तुमचा कागद लंगडतोय."

त्याने खातं उघडलं. "शेवटचा हप्ता तर जमा आहे. मग खातं बंद का नाही झालं?" एकदम थांबून त्याने माझ्याकडे पाहिलं. "आबा... ते फाडणारे तुम्हीच ना?"

आता हे सांगायलाच हवं. माझा जन्म केळीच्या गाड्या भरण्यात गेला. मुकादमाकडून उचल घेतली की चिठ्ठीवर अंगठा. उचल फिटली की ती चिठ्ठी त्याच्या देखत टराटरा फाडायची. चिठ्ठी शाबूत म्हणजे कर्ज शाबूत. शेवटच्या हप्त्याला या कारकुनाने माझ्यासमोर दोन कागद ठेवले. एक, बाकी काही नाही असं लिहिलेला, माझ्यासाठी. दुसरा त्यांचा, सही करून द्यायचा, म्हणजे खातं बंद. मी दोन्ही फाडले, त्याच्या हातावर पेढे ठेवले आणि एसटी पकडली!

"मला वाटलं, यांना आनंद झालाय," कारकून पूजाला म्हणाला. "मी पेढे खात बसलो. खातं बंद करायचं राहूनच गेलं, म्हणून रिपोर्टात थकीत."

"आबा! दोन्ही फाडले?"

"एकच फाडला असता तर कर्ज अर्धंच फिटलं असतं ना, बाई."

कारकुनाने खातं बंद केलं, शिक्का मारून नवं पत्र दिलं. पूजाने मला त्याला हातही लावू दिला नाही. रिपोर्ट बनवणारी कंपनी आणखी वेगळी! पूजाने मोबाइलवरून तिच्याकडे तक्रार टाकली. पत्र जोडलं, शेवटची पावती जोडली. तीन आठवड्यांनी 'थकीत'च्या जागी 'बंद' आलं. फीच्या मुदतीला चार दिवस असताना कर्ज मंजूर झालं.

बँकेत साहेब मंजुरीचं पत्र माझ्या हातात देणार, तेवढ्यात बरोबर आलेली आमची ही उठली. नव्या गुडघ्यावर टुणकन!

"साहेब, ते मले द्या. यायच्या हाती देऊ नका."

रिक्षात पूजा माझा हात धरून बसली होती. तिलाही माझ्या हाताची भीतीच असावी. म्हणाली, "आबा, नोकरी लागली की मीच फेडीन हे कर्ज. पण तेव्हा कागद येणार नाही बरं. सगळं मोबाइलवरच येईल."

रिक्षा घरापाशी थांबेपर्यंत मी विचार करत होतो. मग हळूच विचारलं, "मंग बाई, तो मोबाइल फाडायचा कसा?"