कीबोर्डात न बसलेली विहीण

माझा धाकटा भाऊ अहिराणी गाणी रचायचा आणि लग्नांत गायचा. अशा गाण्यांत वरपक्षाची थट्टा लागतेच. तिचा कच्चा माल मी पुरवायचे. लग्नाच्या आठ दिवस आधी वहीत यादी तयार: व्याही मिशीला कलप लावतात, कानावरचे केस तसेच. करवली पालीला घाबरते. नवरदेवाची मोटारसायकल ढकलल्याशिवाय सुरू होत नाही. भाऊ त्याची कडवी करायचा. साथीला डफ.

मग जळगावात त्याची कॅसेट काढायचं ठरलं. भुसावळच्या ऑर्केस्ट्रातला एक कीबोर्डवाला जोडीला आला. त्याने चाली गुळगुळीत केल्या, ताल यंत्रावर टाकला आणि मला म्हणाला, "ताई, घरगुती माहिती नको. गाणं सगळीकडे चाललं पाहिजे."

"अक्का, आता वही राहू दे," भाऊही म्हणाला. मी वही कपाटात टाकली. राग आला नाही असं म्हणणार नाही.

नवा थाट पहिल्यांदा धुळ्यात, देवपुरातल्या एका लग्नात लागला. इस्त्रीचा शर्ट, डफ घरी. पोरं नाचली. पण नवरदेवाची आई पंगतीला उठेना.

"विहीणबाई, काय चुकलं?" मुलीच्या वडिलांनी हात जोडले.

"गानामा आमनं नावच नही! मनी जाऊले तिना पोऱ्याना लगीनमा सात कडवा, अन् माले एक बी नही?"

"मानाचं गाणं होतं," कीबोर्डवाला पुटपुटला.

"मान ठेव तुना पेटीमा!"

विहीण उपाशी गेली असती, तर भावाला धुळ्यात पुन्हा कोणी बोलावलं नसतं. त्याने माझ्याकडे पाहिलं. "अक्का, काही शे का?"

वही नव्हती, पण डोळे होते. विहीणबाईंच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत नव्या चपला. चोरीला जाऊ नयेत म्हणून. मी भावाच्या कानात सांगितलं. त्याने सुरुवात केली, पण ओळ लांब आणि यंत्राचा ताल पुढे पळालेला.

"बंद कर ना ते!" भाऊ कीबोर्डवाल्याला म्हणाला.

"मध्येच बंद केलं तर बरं दिसत नाही."

भावाने स्वतःच बटण दाबलं. बायकांनी टाळ्यांचा ठेका धरला आणि त्याने कडवं म्हटलं: विहीणबाईंनी चपला घेतल्या मांडीवर, नवरदेव बसवला जमिनीवर.

मांडव हसला. विहीणबाईंनी पिशवी पदराखाली सरकवली आणि उठल्या. पानावर बसता बसता ओरडल्या, "अन् मना नवरानं कडवं कोठे शे?"

मी त्यांच्या नवऱ्याला शोधायला निघाले. कीबोर्डवाला मागोमाग आला आणि काळ्याभोर मिशीच्या, कानावर पांढरे केस असलेल्या एका माणसाकडे बोट करून म्हणाला, "ताई, तो कलपवाला का?"