दौंडचा बर्फ, शिरूरची फरशी

पार्सल ऑफिसात आलेलं सामान कधी ना कधी कुणीतरी सोडवून नेतं. किस्से मात्र तसेच साचत जातात! आमच्या दौंड स्टेशनवर साचलेले निम्मे किस्से एकट्या म्हस्कूआप्पांचे. मूळचे वरवंडचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले आप्पा आमच्याकडे बर्फाच्या लाद्या वाहायचे.

*

खेळ आणला इंजिन ड्रायव्हर टॉमीसाहेबांनी. ते विलायतेला जाऊन आले होते. तिकडे म्हणे गोठलेल्या तळ्यावरून जड दगड सरकवतात, दोघं त्याच्यापुढे झाडूने वाट घासत पळतात, आणि वर्तुळाच्या मध्यापाशी ज्याचा दगड थांबेल तो जिंकला.

आप्पांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"सायेब, हितं तळं काय गोठायचं न्हाई. आपुन दगूड खाली ठिवू आन् बर्फ वर."

झालं! पार्सल शेडची शहाबादी फरशी ओली केली, खडूने वर्तुळ काढलं आणि खेळ सुरू.

*

पहिल्याच मॅचला आप्पांची लादी वर्तुळ ओलांडून थेट स्टेशन मास्तरांच्या खोलीत शिरली. मे महिना. मास्तर डबा खात होते.

"मी काही मागवला नव्हता," ते म्हणाले, "पण आलाय तर राहू दे."

*

झाडू मारायला पार्सल क्लार्क म्हणून मी आणि टॉमीसाहेब. एकदा प्रॅक्टिस चालू असताना इन्स्पेक्शनला मोठे साहेब आले. लादीपुढे फरशी झाडत पळणाऱ्या आम्हा दोघांना पाहून त्यांना गहिवरून आलं.

"मालापुढे इतकी स्वच्छता! उद्यापासून गुळाच्या ढेपांपुढेही असंच पळायचं."

बदली होईपर्यंत साहेब रोज बघायला यायचे. आम्ही पळत होतो.

*

जिंकणाऱ्याला बक्षीस म्हणून त्याचीच लादी मिळायची. आप्पा ती खांद्यावर टाकून घरी निघायचे. पोचेपर्यंत सदरा तेवढा ओला.

"चॅम्पियन म्हन्त्यात," वहिनी म्हणायच्या, "पर कप कुठं हाय?"

शिरूरला सासरी तर जावई बर्फ वाहतो, एवढंच माहीत. आप्पांना ते फार लागायचं. मला म्हणाले, "भाऊसायेब, एक डाव सासऱ्याच्या डोळ्यादेखत जिंकायचाय. मग खेळ सुटला तरी चालंल."

*

मॅच ठरली शिरूरकरांशी, तिथल्याच बाजारातल्या फरशीवर. पंच खुद्द सासरे. गावात बर्फाचा कारखाना नव्हता, म्हणून दोन्ही टीमचा बर्फ सकाळी आम्हीच भीमेकाठच्या दौंडहून ट्रकने, भुशात गुंडाळून नेला.

शेवटच्या डावाला दोन्हीकडच्या लाद्यांचे उरलेले तुकडे मध्याच्या दोन बाजूंना थांबले. जवळ कुणाचा? वाद पेटला. सासरे मोजायला दोरी आणायला गेले. दोरी सापडेना, वाटेत चहा झाला. परत आले तोवर उन्हाने दोन्ही तुकडे संपवले होते आणि मध्यावर नुसतं पाणी!

सासऱ्यांनी वाकून बोट बुडवलं, चाखलं.

"आमच्या घोडनदीचं पानी हाय. शिरूर जिंकलं."

आप्पांचा चेहरा उतरला. मलाच बघवेना. तेवढ्यात वहिनी पदर खोचून बायांच्या गर्दीतून पुढे आल्या. त्यांनीही बोट बुडवून चाखलं.

"आबा, ह्ये भीमेचं हाय. लगीन झाल्यापास्नं मी ह्येच पितीया."

सासऱ्यांनी लेकीकडे पाहिलं. पुन्हा बोट बुडवलं, पुन्हा चाखलं, बराच वेळ घोळवलं.

"व्हय, भीमेचंच," ते म्हणाले, आणि स्वतःच्या डोक्यावरचा फेटा काढून जावयाला बांधू लागले.