दीड कट्ट्याचा माणूस

माझ्या साडूंइतक्या कसोशीने वजन उतरवलेला माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत सापडायचा नाही, आणि त्यांच्यासारख्या कारणासाठी उतरवलेला तर उभ्या महाराष्ट्रात नसेल. लोक डॉक्टरांनी दम भरला म्हणून बारीक होतात, रक्तात साखर निघाली म्हणून होतात, मुलीच्या लग्नात फोटो बरे यावेत म्हणून होतात. माझे साडू बैलांना जड होऊ नये म्हणून बारीक झाले. मी सिंदेवाहीला शाळेत विज्ञान शिकवतो. माणूस असं का वागतो, हा खरं तर माझा विषय नव्हे, पण या एका माणसापायी मी वर्षभर दर रविवारी आठ किलोमीटर गाडी हाणत त्यांच्या गावी जात होतो. बायको म्हणे, बहिणीला भेटायला मी जायचं तर तुम्हीच का पुढे पळता?

त्याचं असं झालं. तरुणपणी साडू शंकरपटातले नावाजलेले धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारे, होते. पट म्हणजे आमच्याकडची बैलजोड्यांची शर्यत. तिची छकडी म्हणजे दोन चाकं, एक दांडी आणि नावापुरती फळी. त्या फळीवर उकिडवं बसून दोन्ही हातांत कासरे धरायचे आणि वाऱ्यावर स्वार व्हायचं. धुरकरी जितका हलका तितकी जोडी मोकळी. मधली काही वर्षं पट बंद होते. बंद झाले तेव्हा साडू चाळिशीच्या आत होते आणि पोट सपाट होतं. पुन्हा सुरू झाले तेव्हा पन्नाशी दिसू लागली होती आणि पोट त्यांच्याआधी दारातून आत येत होतं. पट सुरू झाल्याच्या आनंदात त्यांनी हिऱ्या आणि पाखऱ्या अशी पांढरीशुभ्र जोडी घेतली, फळीवर बसायला गेले आणि फळी मोडली. बैलांनी नुसतं मागे वळून पाहिलं. साडू म्हणतात, लोक हसले त्याचं काही वाटलं नाही, पण बैलांनी पाहिलं ते लागलं.

त्याच दिवशी ते गावच्या राइस मिलमध्ये गेले आणि धान मोजायच्या काट्यावर उभे राहिले. आमच्याकडे धानाचा कट्टा चाळीस किलोचा भरतात. काट्यावरचा हमाल ओरडला, "दोन कट्टे अन् वर सहा किलो, भाऊ!" तेव्हापासून साडूंचं वजन गावात याच मापाने मोजलं जाऊ लागलं. ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीने, अट घातली. पुढच्या वर्षीच्या पटापर्यंत दीड कट्टा झालात तर बसा फळीवर, नाही तर कासरा दुसऱ्याच्या हाती द्या आणि पुन्हा नाव काढू नका. साडूंनी बैलांच्या पाठीवर हात ठेवून शब्द दिला. दीड कट्टा होईपर्यंत फळीला पायही लावणार नाही, असं वरून स्वतःच जोडलं. तोवर सरावाला शेजारच्या गावचा एक काटकुळा धुरकरी येई आणि साडू बांधावर उभे राहून तोंड दुसरीकडे फिरवत.

ताई मला म्हणाल्या, "वीस वर्सं म्या बोंबलून सांगतलं, कमी खा. आयकलं नाई. अन् आता बैलासाठी उपास करून राह्यले!"

उपासाचं त्यांचं शास्त्र स्वतःचं होतं. आमच्या झाडीपट्टीतल्या माणसाला तीन वेळा भात लागतो, तो त्यांनी एका वेळेवर आणला आणि एरवी भाकरीवर आले. डॉक्टरांनी पालेभाज्या, काकडी, कोशिंबीर भरपूर खा असं सांगितलं होतं. त्यावर त्यांनी मला गोठ्यात नेलं, हिऱ्याच्या वशिंडावर थाप मारली आणि विचारलं, "गुरुजी, हा जलमभर पालाच खाऊन राह्यला. मंग हा येवढा काऊन?" मी बैलाच्या पोटाचे चार कप्पे समजावले. ते शांतपणे ऐकून म्हणाले, "म्हंजे माह्या पोटात कप्पे नाईत हे नक्की?" मी नक्की म्हणालो. पुढच्या रविवारी त्यांनी तीच खात्री पुन्हा करून घेतली.

व्यायामासाठी ते पहाटे तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, फिरत. कापणीच्या दिवसांत पाळीवर वाघाचे पंजे उमटलेले दिसले आणि वनखात्याच्या माणसाने सांगितलं, उजाडल्याशिवाय एकट्याने फिरू नका. दुसरा कोणी असता तर चार दिवस घरी बसला असता. साडू स्वतःच्याच घराला चकरा मारू लागले. रोज शंभर. कोंबड्या त्यांच्यामागे, कुत्रं कोंबड्यांमागे. तिसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी नारळ घेऊन आली आणि हात जोडून म्हणाली, "नवस कोन्या देवाचा बोलला जी?" तिला निराश करणं साडूंच्या जिवावर आलं. त्यांनी नारळ फोडला, खोबरं आळीभर वाटलं आणि उरलेल्या चकरा पूर्ण केल्या. पुढे मार्कंड्याच्या जत्रेला ती म्हातारी त्यांच्या नावाने वैनगंगेत दिवा सोडून आली असं कळलं.

उकिडवं बसण्याचा सराव तर ते कुठेही करत. एकदा आमच्याकडे चहाला आले आणि बघता बघता सोफ्यावर उकिडवे बसले. डाव्या हातात पडद्याची दोरी, उजव्या हातात माझ्या मुलीच्या दप्तराचा पट्टा, डोळे समोरच्या टीव्हीवर. बातम्या संपेपर्यंत तसेच होते. माझी मुलगी पंधरा मिनिटं दप्तर मागायचं धाडस करू शकली नाही. मी विचारलं, "भाऊ, गुडघे दुखत नाहीत?" ते म्हणाले, "दुखते न. पन फळीवर गुडघ्याले कोन विचारते?"

सगळ्यांत कुतूहल वाटायचं ते त्यांच्या जेवणाचं. ताटात कमी वाढलेलं त्यांना सोसत नसे, तो अन्नाचा अपमान वाटे. म्हणून ताई चार भाकरी वाढत. साडू दोन खात आणि उरलेल्या दोन घेऊन गोठ्यात जात. सोबत गुळाचा खडा, कधी केळं. गोठ्याच्या अलीकडूनच हाक देत, "आलो रे बापूहो!" त्या आवाजासरशी दोन्ही माना वर होत. आपल्या हाताने घास भरवत ते त्यांच्याशी बोलत बसत, आज किती चकरा झाल्या, किती वजन उतरलं, ताई काय बोलल्या. बैल हात चाटत ऐकत. "माह्या पोटातलं काढून त्याइच्या पोटात घालतो. मी उतरतो, ते चढते," असं साडू मोठ्या समाधानाने सांगत. हिशेब मला पटला होता. विज्ञानाचा शिक्षक असूनही यात काही घोळ आहे, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

पटाच्या चार दिवस आधी ते काट्यावर उभे राहिले. सदरा गळ्यात पिशवीसारखा लोंबत होता, गाल आत गेले होते, पण डोळ्यांत तेज होतं. हमालाने आकडा दोनदा पाहिला आणि म्हणाला, "दीड कट्टा. वर मूठभरही नाई!" मिलमधल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. ताई तोंडाला पदर लावून रडल्या, आणि मग रडल्याचा राग येऊन साडूंवरच ओरडल्या.

पटाच्या दिवशी शर्यतीच्या रानावर आसपासच्या गावांतून माणूस लोटला होता. पोह्यांच्या गाड्या, जिलेबीचे ढीग, झाडांवरसुद्धा माणसं. साडू फळीवर बसले. फळी कुरकुरलीसुद्धा नाही. मी कडेला उभा होतो. हल्ली बैलाला काठी लावायची नाही असा नियम आहे, जे काय ते आवाजावर. झेंडी पडली आणि जोडी सुटली. साडू दात आवळून गप्प बसले होते आणि हिऱ्या-पाखऱ्या शेजारच्या जोडीला सहज मागे टाकत होते. अर्धं रान संपलं. तेव्हा त्यांना राहवलं नाही. इतक्या वर्षांचा आनंद एकदम उसळला आणि ते ओरडले, "चला रे बापूहो!"

बैल थांबले. दोघांनीही माना वळवल्या, कान टवकारले आणि फळीकडे पाहू लागले. शेजारची जोडी धुरळा उडवत निघून गेली. साडू ओरडत होते, कासरे हलवत होते, आणि जितकं ते ओरडत तितके बैल प्रेमाने मागे सरकत होते. पाखऱ्याने जीभ बाहेर काढली. गर्दीतून कोणीतरी हाळी दिली, "भाकर दे ना बे भाऊ त्याइले!" आणि सगळं रान हसलं. वर्षभर ज्या आवाजाबरोबर भाकरी यायची, त्या आवाजाला ते बिचारे पळून कुठे जाणार होते?

साडू खाली उतरले आणि जोडी हाताने धरून बाहेर घेऊन आले. मला वाटलं, आता हा माणूस कोसळेल. रागावले असते तरी चाललं असतं. ते बैलांना रागावले नाहीत, ताईंनाही काही बोलले नाहीत. संध्याकाळभर गोठ्यात बसून राहिले. मी शेजारी बसलो तसे म्हणाले, "चूक त्याइची नाई, गुरुजी. मीच त्याइले लय लाडावलं. मी फळीवर असलो त पळनारच नाई आता ते." मला वाईट वाटलं, आणि ते मी बोलूनही दाखवलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर थोपटलं.

पट दोन दिवसांचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच त्या काटकुळ्या धुरकऱ्याच्या हाती कासरे दिले. सुटायच्या वेळी साडू कुठे दिसेनात. मी शोधत निघालो तर ते रानाच्या दुसऱ्या टोकाला, निकालाच्या रेषेपलीकडे उभे होते. झेंडी पडली तशी त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेऊन हाक मारली. एवढ्या गर्दीत, एवढ्या गलक्यात ती हाक त्या दोघांपर्यंत कशी पोहोचली, हे मला अजून कळलेलं नाही. जोडी बाणासारखी सरळ त्यांच्याकडे आली, शेजारच्या जोडीला चार हात मागे टाकून रेषा ओलांडून गेली आणि थांबेचना. साडूंना जीव घेऊन कडेला उडी मारावी लागली. दोन कट्टे असते तर उडी जमली नसती. बक्षीस शेवटी कोणी तिसऱ्यानेच नेलं, त्याची चौकशीही त्यांनी केली नाही.

मी धावत पोहोचलो तेव्हा ते धुळीत बसले होते, सदरा फाटलेला, आणि दोन्ही बैल फेसाळल्या तोंडाने त्यांचे खांदे हुंगत होते. साडूंचा चेहरा ओला होता. माझा हात धरून म्हणाले, "गुरुजी, इतके वर्सं फळीवर बसलो, पन मी पाठच पाह्यली त्याइची. पळतानी बैलाचं तोंड कसं दिसते, मले मालूमच नोयतं." मग त्यांनी विचारलं, "तुमी पाह्यलं न?"

मी पाहिलं म्हणालो. खरं तर जोडी येत होती तेव्हा मी एकदाही बैलांच्या तोंडाकडे पाहिलं नव्हतं. मी त्यांच्याकडेच पाहत होतो.