चरा नसलेली खूण

बेल्मिरो पास कुठे देतो हे त्याचं त्यालाच ठाऊक नसतं, असं लोक म्हणायचे. वर्तमानपत्रवाले कौतुकानं म्हणायचे, समोरच्या संघाचे वैतागून म्हणायचे. फुटबॉलच्या संघात मधल्या फळीत खेळणारा हा ठेंगणा, आखूड मानेचा माणूस चेंडू पायाशी आला की मान वर न करता तो डाव्या कडेला सोडून द्यायचा. तिथे कुणी नसायचं, नुसतं गवत. "अरे गाढवा!" म्हणायला प्रेक्षक तोंड उघडायचे आणि ते मिटायच्या आत तिथे कुणीतरी पोचलेलं असायचं.

आमच्या कोळीवाड्याला त्याचं नवल नव्हतं. ओहोटी लागली की ओल्या वाळूवर बेल्मिरो आणि त्याचा धाकटा भाऊ देल्फिम चेंडू खेळायचे, ते सगळ्यांनी पाहिलेलं. थोरला मध्ये उभा, धाकटा डावीकडून वाऱ्यासारखा. थोरल्यानं कधी बघून पास दिला नाही आणि धाकट्यानं कधी चुकवला नाही. घरीही तीच गत. देल्फिमला कोबी आवडत नसे. त्यांची आई इर्मेलिंदा पाठमोरी झाली रे झाली की त्याच्या ताटातला कोबी थोरल्याच्या ताटात जायचा आणि बेल्मिरो तो मुकाट्यानं खायचा. "मोठे झालो की दोघं पहिल्या विभागात खेळायचं," असं ठरलेलं. पण बापाला समुद्रानं ओढलं, होडी पोरकी झाली आणि ती देल्फिमकडे आली, कारण घर आणि होडी धाकट्याची, हा आमचा रिवाज.

खूणही धाकट्याचीच. आमच्याकडे घरोघर एक खूण असते, सुरीनं चार रेघा ओढाव्यात तशी. ती होडीवर कोरायची, दारावर कोरायची, आणि लोकरीच्या पांढऱ्या स्वेटरवर लाल दोऱ्यानं भरायची. समुद्र माणसाचा चेहरा आधी खातो, लोकर मागाहून. इर्मेलिंदाच्या घरची खूण म्हणजे एक उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर फुली. थोरल्यानं तिला एक चरा जोडायचा, मधल्यानं दोन, आणि धाकट्यानं बापाची खूण तशीच्या तशी, चऱ्याशिवाय वापरायची. धाकटा गेलाच, तर त्याला मातीत ठेवून मगच थोरल्यानं आपला चरा सोडायचा. जोवर माती नाही, तोवर खूण त्याचीच.

एका हिवाळ्यात बंदराच्या तोंडाशी लाट फुटली आणि देल्फिम होडीवरून गेला. होडी परत आली, तो आला नाही. इर्मेलिंदा रोज वाळूवर जाऊन उभी राहायची. "मला काही जिवंत नको," ती म्हणायची. "तेवढं मागायला मी वेडी नाही. समुद्राला म्हणावं, हाडं दे. बापाशेजारी ठेवीन." नाताळच्या आदल्या रात्री आम्ही टेबल आवरत नाही. घरातले गेलेले येऊन जेवतात. इर्मेलिंदा नवऱ्याचं ताट मांडायची आणि देल्फिमचंही, उकडलेला कॉड मासा, बटाटे, कोबी, वर तेल. सकाळी नवऱ्याच्या ताटात काटे बाजूला काढलेले दिसायचे. देल्फिमचं ताट जसंच्या तसं, तेल गोठलेलं.

"माती मिळाली नाही त्याला," ती म्हणायची. "वाट कशी सापडणार?"

देल्फिम गेला त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात, पहिल्या नाताळाच्या आधीच, डोंगरातल्या एका क्लबचं बेल्मिरोला बोलावणं आलं. लोकरीच्या गिरण्यांचं गाव, क्लब पहिल्या, म्हणजे सगळ्यात वरच्या विभागातला. क्लबनं नवे कोरे बूट दिले. खोलीत बसून त्यानं सुरी काढली आणि टाचेवर खूण कोरली. उभी रेघ, फुली. चऱ्यापाशी आल्यावर हात थांबला. दोघांनी जायचं ठरलं होतं. त्याला वाटलं, निदान खूण तरी येऊ दे. त्यानं चरा ओढलाच नाही. आईला हे सांगायची छाती झाली नाही. घरी जाताना तो बूट क्लबातच ठेवून जायचा.

पहिल्याच सामन्यात सवयीनं त्यानं चेंडू डावीकडे सोडला आणि ग्रासियानो नावाचा, डाव्या कडेनं खेळणारा सुस्त विंगर, जो घंटा झाल्याशिवाय जेवायलाही उठत नसे, तो तिथे पोचला. गोल झाला. पुढच्या रविवारी पुन्हा. लोक बेल्मिरोला डोक्यावर घेऊन नाचले. कपड्यालत्त्याचं बघणारा माणूस मात्र शिव्या देत आला.

"समुद्रात खेळतोस की काय रे? काल वाळवून ठेवलेले बूट आज ओले! आणि हे पांढरं काय?"

बेल्मिरोनं बोट लावून चाटलं. मीठ होतं. समुद्र तिथून दोन डोंगररांगा पलीकडे.

काही दिवसांनी सरावानंतर ग्रासियानोनं बेल्मिरोला बाजूला घेतलं.

"एक विचारू? हसू नकोस. तुझा तो पास माझ्यासाठी नसतो ना?"

"मग कुणासाठी असणार, तुझ्या आजीसाठी?"

"माझ्यापुढे कुणीतरी धावत असतं, बेल्मिरो. मी नुसता त्याच्या मागे जातो. दिसत नाही, पण वास येतो. भिजल्या लोकरीचा." ग्रासियानोनं छातीवर क्रूस काढला. "चांगला आहे की वाईट, एवढंच सांग. पोराबाळांचा धनी आहे मी."

"चांगला आहे," बेल्मिरो म्हणाला. त्याला भीती वाटायची, पण भीतीहून जास्त बरं वाटायचं. भाऊ जवळ होता. आई वाळूवर हाडांची वाट बघत होती आणि देल्फिम इथे डोंगरात रविवारी रविवारी धावत होता, हे त्याला कळत होतं. कळत होतं म्हणूनच तो त्यावर फार विचार करत नसे.

त्याच शरदात झेफरिनोकाका भेटला. आमच्याच गल्लीतला म्हातारा, वसंतात कॉडच्या जहाजावर उत्तरेला गेलेला. आसपासच्या किनाऱ्यावर खुणा वाचण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. जहाजावरून उतरून तो दक्षिणेला लेकीकडे राहायला निघाला होता. वाटेत गावच्या पोराचा सामना बघावा म्हणून थांबला. फाटकापाशी बेल्मिरो गळ्यात बूट अडकवून बसकडे पळत होता. म्हाताऱ्याचं लक्ष टाचेवर गेलं. त्यानं टोपी काढली.

"देल्फिम सापडला म्हणायचा," तो म्हणाला. "बरं झालं रे. माती मिळाली. तुझ्या आईला सांग, मी आठवण काढली."

बसचा भोंगा वाजत होता. बेल्मिरोनं मान हलवली. होही नाही, नाहीही नाही, अशी. आणि बसमध्ये चढला.

पुढची वर्षं त्याची चांगली गेली. दोन मोठे क्लब झाले, एकदा देशाच्या संघात राखीव म्हणून बाकावर बसून आला, कोळीवाड्यातल्या खानावळीत त्याचा फोटो लागला. विंगर बदलत गेले. कुणी ग्रासियानोसारखं विचारायचं, कुणी न विचारता क्लब सोडायचं. बूट झिजले की नव्यावर तीच खूण, चऱ्याशिवाय. आणि दर नाताळला सकाळी इर्मेलिंदा देल्फिमचं भरलेलं ताट मांजरांना घालायची. बेल्मिरो तिच्या तोंडाकडे बघायचं टाळायचा.

पस्तिशीला टेकल्यावर तो गावच्या क्लबात परतला, तिसऱ्या विभागात. गुडघे कुरकुरायला लागले होते. बूट तो इथंही घरी न्यायचा नाही, आणि संघातल्या पोरांना खुणा वाचायची सवय राहिली नव्हती. हंगामाच्या शेवटी दक्षिणेच्या एका मच्छीमार गावात सामना होता. आदल्या दिवशी कोचनं, म्हणजे ज्याला आमच्याकडे सगळे 'मिस्टर' म्हणतात त्यानं, त्याला बोलावलं.

"हे बघ, बेल्मिरो. जिंकलो तर वरच्या विभागात जाऊ आणि तू आणखी एक वर्ष खेळशील. नाही तर बूट खुंटीला टांग. तुझा तो आंधळा पास उद्या दिसू दे."

"दिसेल, मिस्टर." दुसरं काही काम त्याला येतच नव्हतं.

त्या गावचं मैदान समुद्राला लागून, आणि डाव्या कडेला दफनभूमीची बुटकी भिंत. धुकं असं दाटलेलं की गोलपोस्ट दिसेना. मध्यंतर व्हायच्या बेतात चेंडू पायाशी आला आणि त्यानं तो डावीकडे सोडला. कुणीच धावलं नाही. चेंडूही थांबला नाही. कडेकडेनं, कुणी पायानं हाकत न्यावा तसा गेला, भिंतीपाशी उसळला आणि पलीकडे पडला. तेवढ्यात मध्यंतराची शिट्टी वाजली.

"तूच टाकलास, तूच आण," कुणीतरी ओरडलं. बेल्मिरो भिंतीवरून चढून गेला.

"ये, ये. चेंडू इथं बसलाय बघ ऐटीत," धुक्यातून आवाज आला.

दगडी बाकावर एक म्हातारा हातातल्या चाकूनं सफरचंद कापत होता. बेल्मिरोनं निरखून पाहिलं. "झेफरिनोकाका? तुम्ही अजून..."

"जिवंत आहे. निराशा झाली असेल तर माफ कर. लेकीकडे जेवतो, इथं येऊन बसतो. हे शेजारी बरे, उत्तर देत नाहीत."

चेंडू सिमेंटच्या एका क्रूसाला टेकून राहिला होता. क्रूसावर नाव नव्हतं. उभी रेघ होती आणि तिच्या डोक्यावर फुली.

"ही खूण..." बेल्मिरोनं चेंडू बाजूला सारला. "काका, ही इथं कशी?"

"ते होय? जुनी गोष्ट. तू मला फाटकापाशी भेटलास ना, त्याच हिवाळ्यातली. जाळ्यात हाडं आली, अंगात आपल्याकडचं स्वेटर. मला बोलावलं खूण वाचायला. मी म्हटलं, या खुणेचा मालक धडधाकट आहे, डोंगरात चेंडू खेळतो. त्याच्याआधीचा होता तो मातीत गेला. तेव्हा हे स्वेटर कुणीतरी चोरलेलं. मग चोर म्हणून पुरलं बिचाऱ्याला. पाद्री घंटासुद्धा वाजवेना. मीच म्हटलं, निदान लोकरीवर होती ती खूण तरी..."

म्हातारा बोलता बोलता थांबला. बेल्मिरो गुडघ्यांवर बसला होता. म्हाताऱ्याची नजर त्याच्या टाचेवरून क्रूसावर गेली आणि क्रूसावरून टाचेवर आली. सफरचंद हातातून पडलं.

"बेल्मिरो," तो हळूच म्हणाला, "तुम्ही देल्फिमला कुठं पुरलंत?"

"इथं," बेल्मिरो म्हणाला. "तुम्ही आणि मी. इथं पुरला."

देल्फिम, स्वतःच्याच स्वेटरचा चोर. बेल्मिरो ओक्साबोक्शी रडला. धुक्यात भिजल्या लोकरीचा वास आला आणि अगदी जवळ, डाव्या हाताला, धावून दमल्यासारखा कुणाचा तरी श्वास. इतक्या वर्षांत इतक्या जवळ तो कधी आला नव्हता.

पलीकडून मिस्टर हाका मारत होता. बेल्मिरोनं हात पुढे केला. "काका, चाकू द्या."

देल्फिमची खूण त्याला परत करताना आपण काय देऊन टाकतोय हे त्याला नीट माहीत होतं. त्यानं आधी उजव्या बुटावर चरा ओढला, मग डाव्यावर. चामडं जुनं होतं, जोर लावावा लागला. दुसरा चरा पुरा झाला आणि शेजारचा श्वास थांबला.

दुसऱ्या अर्ध्यात धुकं विरलं. बरोबरी होती. अगदी शेवटी चेंडू त्याच्याकडे आला, समोर फट दिसत होती, आणि सवय जाता जात नाही, त्यानं तो डावीकडे सोडला. चेंडू गवतावरून सरळ बाहेर गेला.

"कुणाला दिलास रे, तुझ्या बापाला?" प्रेक्षक हसले. त्याच चेंडूवरून समोरच्यांनी गोल केला. बेल्मिरो डावीकडे बघत उभा राहिला. तिथे गवत होतं, आणि गवताशिवाय काहीही नव्हतं. त्याला आयुष्यात इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

"टांग बूट," मिस्टर म्हणाला.

घरी जाऊन त्यानं आईला सगळं सांगितलं. इर्मेलिंदानं एक थोबाडीत दिली, अशी की शेजारचे दारात आले. मग त्याच गालावर हात ठेवून विचारलं, "थंडी होती का रे तिथं?"

देल्फिमला आणलं, बापाशेजारी ठेवलं, आणि आमच्या पाद्रीनं घंटा पोटभर वाजवली. झेफरिनोकाका बसनं आला आणि शेवटपर्यंत टोपी हातात धरून उभा राहिला.

त्या नाताळला इर्मेलिंदानं ताटं मांडली. बेल्मिरोनं आपलं ताट पावाच्या तुकड्यानं पुसून चकचकीत केलं आणि रिवाजाप्रमाणे तसंच ठेवून तो झोपला. सकाळी तो खाली आला तेव्हा आई टेबलापाशी उभी होती, ॲप्रनमध्ये हात गुंडाळून.

"जेवला," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. देल्फिमच्या ताटात काटे तेवढे उरले होते, एका बाजूला नीट काढलेले.

बेल्मिरोनं आपल्या ताटाकडे पाहिलं. त्यात कोबी होता. भावाच्या वाटणीचा सगळा, ढीगभर.

तो खुर्ची ओढून बसला आणि थंडगार झालेला तो कोबी त्यानं मुकाट्यानं संपवला.