आला की आले

आप्पासाहेब अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले आणि महिन्याभरातच सिडकोतल्या शेजाऱ्यांना कळून चुकलं, की या माणसाला काहीतरी उद्योग लावून दिला पाहिजे. एकाचं वीजबिल, दुसऱ्याचं रेशनकार्ड, तिसऱ्याच्या मुलीची लग्नपत्रिका, त्यांना सगळ्यात चूक सापडायची. उभा जन्म औरंगाबादच्या एका सरकारी दफ्तरखान्यात गेलेला. शिक्षण निजामाच्या शाळेत, उर्दूतून. त्यामुळे जुने उर्दू कागद वाचणारे कचेरीत ते एकटेच उरले होते आणि तो मान त्यांनी शेवटच्या दिवसापर्यंत मिरवला. "माणूस खोटं बोलतो, कागद बोलत नाही," असं ते म्हणत. चहा देणाऱ्यालासुद्धा म्हणत.

मग त्यांना एक खून मिळाला आणि शेजारी सुटले.

खून जुना, पण घरचा म्हणावा असा. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन दोन वर्षं झाली होती. पिशोरच्या पलीकडं, आप्पासाहेबांच्याच गावात, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कडूबा नावाचा शेतकरी सामाईक विहिरीपाशी मरून पडलेला सापडला. मानेवर कुऱ्हाडीचा घाव. आप्पासाहेब तेव्हा शहरात वसतिगृहात राहून शिकत होते. गावातल्या कारभारी नावाच्या तरण्या गड्याला पोलिसांनी नेलं, तीन महिने कोठडीत बदडलं आणि पुरावा पुरेना म्हणून सोडून दिलं.

पोलिसांनी सोडलं, गावानं नाही. एकोणचाळीस वर्षांत त्याला कुणी कुऱ्हाड उसनी दिली नव्हती. बिचारा कोयत्यानं सरपण तोडायचा, तर बाया कोयता बघूनही पोरांना आत ओढायच्या. आता नातीची सोयरीक दोनदा जमून दोनदा मोडली होती. "आजा कोण?" एवढं विचारलं, की पाहुणे चहा अर्धा ठेवून उठत.

त्या खुनाची फाइल दफ्तरखान्याच्या रद्दीच्या ढिगात निघाली आणि आप्पासाहेबांनी ती देव्हाऱ्यातल्या पोथीसारखी घरी आणली. आत एका बाईची उर्दूत लिहिलेली जबानी होती. तिनं कारभारीला कुऱ्हाड घेऊन विहिरीकडून येताना पाहिलं होतं. मात्र त्या बाईचं नाव जिथं असायला हवं, तिथं वाळवीनं भोक पाडलं होतं. एवढी मोठी फाइल, पण वाळवीला नेमकं नावच गोड लागलं.

"ती बाई सापडली की खून उकलला," आप्पासाहेबांनी जाहीर केलं. "मग कुणाचंही नाव निघो. प्रत्यक्ष देवाचं निघालं तरी मी लिहिणार!"

कारभारीला हे कळलं तसा तो एस.टी.नं थेट सिडकोत आला. "आप्पासाहेब, मला त्या बाईला एकदाच इचारायचंय," तो हात जोडून म्हणाला. "मी त्या दिवशी पिशोरच्या बाजारात व्हतो. तिनं पाहिलं कुणाला?"

पुढचं वर्षभर तपास चालला. आप्पासाहेबांनी अंगठ्यासाठी शाईची डबी घेतली, जबान्यांसाठी जाड वही घेतली आणि गावातली एकही म्हातारी सोडली नाही. साळूबाईला ऐकू येत नव्हतं, तिची जबानी सहा पानं झाली. भागूबाईनं खून स्वतः पाहिल्याचं शपथेवर सांगितलं, फक्त तिच्या आठवणीत मेलेला माणूस तिचा दीर होता आणि तो सापानं मेला होता. आप्पासाहेबांनी तेही लिहून, वाचून दाखवून, खाली अंगठा घेतला. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून कडूबाचं भांडण होतं, हेही त्यांनी शोधून काढलं. विहिरीत वाटा असलेल्यांची यादी केली. तीत स्वतःच्या वडिलांचं, नानासाहेबांचं नाव आलं, तेव्हा त्यांनी त्याच्या आधी 'कै.' लिहिलं, भक्तिभावानं कंस केला आणि पुढं गेले.

एक म्हातारी तेवढी राहिली. ती त्यांच्याच घरात, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून तांदूळ निवडत असायची. दगडाबाई, त्यांची आई. पण आईला काय विचारायचं? आई ती आई, साक्षीदार ते साक्षीदार.

दिवाळीआधी कारभारी पुन्हा आला. नातीला तिसरं स्थळ आलं होतं, पाहुणे रविवारी येणार होते. हात हलवत परत पाठवायला आप्पासाहेबांना जड गेलं. निदान मूळ कागद तरी ऐकवावा म्हणून त्यांनी चष्मा लावला. एरवी ते जबानी उर्दूतूनच, ठसक्यात वाचत. आज पहिल्यांदाच मराठी करून वाचली.

"'मी घराच्या दारात उभी होते. कारभारी कुऱ्हाड घेऊन विहिरीकडून आला. त्याच्या सदऱ्याला रक्त होतं.'"

"आला नाय रं," उंबऱ्यावरून आवाज आला. "आले. मी 'कारभारी आले' असं म्हणले व्हते."

आप्पासाहेबांनी कागद खाली केला. कारभारी वळून बघायला लागला.

"त्या पोलिसांच्या मुनशीला मराठी नीट येत नव्हतं," दगडाबाई सुपातला खडा काढत म्हणाली. "दारात येऊन इचारलं, मी सांगून बसले. नवऱ्याचं नाव कसं घ्यावं? कारभारी म्हणले. त्यानं काय लिव्हलं त्यालाच ठावं. तुझे वडील घरात व्हते, त्यांनी ऐकलं. बाहेर आले, मुनशीला ओसरीवर जेवू घातलं अन् गावातला कारभारी दाखवून दिला."

"तुम्ही व्हत्या व्हय, काकू," कारभारी म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि ते ऐकणं जास्त कठीण होतं. "मग मागून तरी सांगायचं."

"सांगायला पायजे व्हतं. पर तुला नेलं अन् मला वाटलं, सुटलो. ह्याचं शिक्षण चालू व्हतं." तिनं मुलाकडं पाहिलं. "अन् तू साऱ्या गावाला इचारत फिरलास, मला कुठं इचारलंस?"

भिंतीवर नानासाहेबांचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. आप्पासाहेबांनी त्याच्याकडं पाहिलं नाही. घसा साफ करून, ज्यांनी भागूबाईचा साप लिहून घेतला होता तेच आप्पासाहेब म्हणाले, "आई, तुझं वय झालंय. तुला नीट आठवत नसेल."

कारभारी उठला. टोपी घातली. या घरातून असंच उठावं लागेल, हे त्याला जणू आधीच माहीत होतं.

"थांब बाबा," दगडाबाई म्हणाली. तिनं सूप बाजूला ठेवलं, टेबलावरची शाईची डबी उघडली, वहीचं कोरं पान टरकन फाडलं आणि त्यावर अंगठा दाबला. "वर कुणाकडून बी लिव्हून घे. कारभारी नको लिव्हू. नाव लिव्ह." जन्मात पहिल्यांदाच तिनं ते नाव तोंडातून काढलं, एकेक अक्षर वेगळं करून. "नानासाहेब."

कारभारीनं कागद उलटासुलटा पाहिला आणि आप्पासाहेबांच्या पुढं धरला. "मला लिव्हता येत नाय. अन् अक्षर तुमचंच लई चांगलं."

आप्पासाहेबांना भयंकर लाज वाटली. आपली शाळा, नोकरी, हे सिडकोतलं घर, सगळं या माणसाच्या तीन महिन्यांवर उभं आहे, हे त्यांना त्याच्या हातातल्या कागदाकडं बघताना कळलं. ते खुर्चीवर बसले. पेन उघडलं. अक्षर नेहमीसारखं मोत्याचंच आलं. 'मी घराच्या दारात उभी होते. माझे पती नानासाहेब कुऱ्हाड घेऊन विहिरीकडून'

इथं पेन थांबलं. कारभारी वाट पाहत उभा होता. दगडाबाईही.

खुनी असले तरी वडील होते. आप्पासाहेबांनी 'आले' असं लिहिलं, आणि पूर्णविराम दिला.