शेवटच्या डिझाईनची चादर

कपाट उघडलं की सुताच्या खळीचा वास येतो आणि भवानी पेठेतलं माझं दुरुस्तीचं दुकान आठवतं. एका विणकराची बायको तो वारल्यावर त्याचा बंद पडलेला कॉम्प्युटर घेऊन आली होती. "ह्यांची सगळी चादरीची डिझाईनं आत हायेत की, तेवढी काढून द्या," म्हणाली. माझ्याकडे हार्ड डिस्कची एक डबी होती. तिच्यात दहा-बारा सीडींच्या प्रती साठवलेल्या असायच्या; बटणाने जी निवडू, तिच्यावरून कॉम्प्युटर चालू व्हायचा. डबी शेवटची निवड धरून ठेवायची. आदल्या दिवशी मी एका क्लासचे कॉम्प्युटर कोरे केले होते, काही न विचारता सगळं पुसणाऱ्या प्रतीवरून. तीच निवड तशीच ठेवून मी डबी जोडली आणि चहाला गेलो. परत आलो तर कॉम्प्युटर नव्यासारखा कोरा, आत एकही डिझाईन नाही. "डिस्क आधीच गेली होती," मी सांगितलं. मग "तुमी तरी काय करनार" म्हणत तिने पिशवीतली चादर काढून माझ्यापुढं ठेवली, त्याच्या शेवटच्या डिझाईनची. मी ती घेतली. दर थंडीत माझी बायको विचारते, एवढी चांगली चादर कपाटात नुसती का ठेवलीय. चादर कुठून आली ते सांगताना तिलाही मी डिस्क आधीच गेली होती असंच सांगितलंय.