धाकटीचा हात

फ्रेमवाल्या काकूंच्या दुकानात चित्रकार दोन कामांसाठी यायचे. एक, चित्राला चौकट करून घ्यायला. आणि दुसरं, काकूंनी आपल्याला काय ठरवलंय ते हळूच पाठ उलटून बघायला.

काकूंची रीतच तशी होती. काच, पुठ्ठा, चौकट सगळं बसलं की चित्राच्या पाठीमागे तपकिरी कागद चिकटवायचा आणि त्यावर पेन्सिलीने दोन-तीन ओळी लिहायच्या. चित्रात काय आहे ते नाही, ते पुढून दिसतंच. लिहायचं ते काढणाऱ्याच्या हाताबद्दल. 'उपाशी हात. रंगात टर्पेंटाइन फार. झटकू नये, पापुद्रे सुटतात.' 'खादाड हात. रंग बोटभर जाड, वर्षभर ओला राहतो. काच टेकू देऊ नये.' एकाला त्यांनी लिहिलं होतं, 'लाजरा हात. कडा कोऱ्या सोडतो. भोवतीची पट्टी रुंद ठेवावी, बिचाऱ्याला अंग चोरायला जागा राहील.' तो चित्रकार महिनाभर दुकानाकडे फिरकला नाही, आणि मग आला तो चार चित्रं घेऊन.

चित्रकला शिकवणारे एक मास्तर नेहमीचे गिऱ्हाईक. ते म्हणायचे, "काकू, याला आम्ही शैली म्हणतो."

"म्हणा की. शैली काचेला चिकटत नाही, रंग चिकटतो. मी रंगाचं लिहिते."

ही रीत त्यांना एका नुकसानीतून लागली होती. लग्न होऊन या घरात आल्या त्याच वर्षी त्यांनी एका जाड रंगाच्या चित्रावर काच घट्ट बसवली. सहा महिन्यांनी काच उचलली तर निम्मं आभाळ काचेबरोबर वर आलं. सासरे रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "सूनबाई, तुला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्याला सांगून ठेव." त्या दिवसापासून काकू पुढच्याला सांगून ठेवत आल्या. पुढे सासरे गेले, काकांनी लाकूड कापायचं काम घेतलं, आणि काच, कागद, पेन्सिल हे काकूंकडे आलं. सकाळी देवापुढे हात जोडून झाले की त्याच हातांनी त्या दुकानाची फळी काढायच्या. देवाचं आणि दुकानाचं असं त्यांनी कधी वेगळं धरलंच नाही.

काकूंचे दीर नावाजलेले चित्रकार. "वयाने धाकटे, बाकी सगळ्यात थोर," असं काकू त्यांच्या तोंडावर म्हणायच्या, आणि भावजींना ते आवडायचं. शालीत, चादरीत लपेटून बसलेल्या बायका हा त्यांचा विषय. त्यांना सत्तर वर्षं पूर्ण झाली म्हणून शहरातल्या मोठ्या दालनाने त्यांच्या आजवरच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं. अठरा चित्रं नव्या, एकसारख्या चौकटींसाठी काकूंच्या दुकानात आली. सोबत दालनाच्या चष्मेवाल्या बाई आल्या. प्रदर्शनाची पुस्तिका आणि चित्राखाली लावायच्या पाट्या त्याच लिहीत होत्या.

"ऐकता का काकू? घरच्या माणसाचं मत हवंय," असं म्हणून त्यांनी वाचायला घेतलं. "या चित्रकाराच्या शैलीला दोन टोकं आहेत. देह ठोस, आग्रही, जवळजवळ शिल्पासारखा. वस्त्र मात्र तरल, पारदर्शी, संयमी. एकाच हाताने साधलेला हा विरोध…"

"एकाच?" काकूंनी विचारलं.

"म्हणजे?"

"शब्द झकास निवडलेत बाई तुम्ही. तरल, पारदर्शी, संयमी. अगदी ती डोळ्यांपुढे उभी राहिली. माणूस तेवढा चुकलाय."

काकूंनी जवळचं एक चित्र उलटं केलं. पाठीच्या जुन्या कागदावर त्यांचंच तीस वर्षांपूर्वीचं अक्षर होतं. 'अंग: भावजी. हट्टी हात. जाड तेलरंग, सुरीने थापलेला. कापड: धाकटी. सबुरीचा हात. सरसपाण्यातला रंग, फडक्याने चढवलेला. कापडाला पाणी लावू नये.'

बाईंनी ते दोनदा वाचलं. मग पाटीवरची 'कॅनव्हासवर तेलरंग' ही ओळ वाचली आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

धाकटी म्हणजे भावजींची बायको, काकूंची जाऊ. तिला जाऊन चार वर्षं झाली होती. भावजींना कापड काही केल्या जमायचं नाही. त्यांनी काढलेली शाल पत्र्याची वाटायची, असं धाकटीच एकदा हसत म्हणाली होती. मग ते बाई रंगवायचे आणि शालीपुरता कॅनव्हास कोरा सोडून द्यायचे. "एवढं कापड करून ठेव गं," असं म्हणून बाहेर पडायचे, जसं कुणी शर्टाचं बटण लावून ठेवायला सांगावं. धाकटीला टर्पेंटाइनच्या वासाने डोकं धरायचं. म्हणून ती सरस पाण्यात विरघळवून त्यात रंग कालवायची, बोटाला मऊ फडकं गुंडाळायची आणि दुपारभर थरावर थर चढवत राहायची. एक थर वाळेपर्यंत डाळ निवडायची. घरात हे कुणापासून लपलेलं नव्हतं, आणि घरात याबद्दल कुणी कधी काही बोललंही नव्हतं. लिहिलेलं होतं ते एका काकूंनीच, आणि तेही चित्र पुसणाऱ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आत भावजी पायरीवर येऊन बसलेले. चष्मेवाल्या बाईंनी त्यांना फोन केला असणार.

"वहिनी, ते मागचे कागद काढून टाका. नवे लावा, कोरे."

"कोरे कसे लावू? पुढच्या माणसाने ओलं फडकं मारलं तर?"

"नाही मारत कुणी. आणि मारलं तर मी निस्तरीन. चित्रं माझी आहेत."

"अंग तुमचं आहे."

भावजींनी आवाज खाली आणला. समजूत घालायची असली की ते तसं करत. "हे बघा, तिने मला मदत केली. मी नाही कुठे म्हणतोय? मदत करणाऱ्याला हात म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात? तिने काय पायाने रंगवलं?"

मागे करवत थांबली. काका हसू दाबायला दुसरीकडे तोंड करून उभे राहिले. भावजी लालबुंद झाले.

"सत्तर वर्षांनी माझं कुणी काही मांडतंय, आणि माझ्याच घरातून हे. दादा, तू सांग हिला."

काका भुसा झटकत पुढे आले. त्यांना भांडण म्हणजे संकट. "अगं, पेन्सिलीचंच तर आहे. खोडरबर आहे ना आपल्याकडे?"

काकूंनी काकांकडे पाहिलं. त्यांचा आवाज चढला नाही. "खोडरबर माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण ज्याने तिला तो हात दिला, त्याच्यापुढे मी रोज सकाळी उभी राहते. तिथे जाऊन काय सांगू? की तुझं देणं मी रबराने घासून काढलं, भावजींना वाईट वाटत होतं म्हणून?"

"म्हणजे नाही खोडणार."

"नाही."

भावजींनी तासाभरात टेंपो आणला आणि अठराही चित्रं उचलून नेली. चौकातल्या नव्या दुकानात यंत्रावर चौकटी होतात, तिकडे देतो म्हणाले. काका संध्याकाळपर्यंत लाकूड कापत राहिले. जेवताना एवढंच म्हणाले, "एकुलता भाऊ आहे माझा."

"माझी एकुलती जाऊ होती," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

नणंदेचा फोन आला. तिने काकूंना घरभेदी म्हटलं, हेकट म्हटलं, आणि धाकटीने स्वतः कधी तोंडातून चकार शब्द काढला होता का, असंही विचारलं. "नाही काढला," काकू म्हणाल्या, "म्हणून तर मला लिहावं लागलं."

पण फोन ठेवल्यावर त्यांच्या मनाला चैन पडेना. खोडणार नाही म्हटलं खरं, पण चित्रं तर हातची गेली होती. आता कागद फाडायला काकूंची परवानगी कुणाला हवी होती? त्या दिवशी त्यांनी देवाकडे काही मागितलं नाही. नुसत्या बसून राहिल्या.

पाचव्या दिवशी भरदुपारी भावजी रिक्षातून उतरले. एकटेच होते, हातात चादरीत गुंडाळलेलं एक चित्र. त्यांनी ते काकूंच्या मेजावर ठेवलं आणि स्वतः दाराकडे तोंड करून उभे राहिले. काकूंनी चादर सोडली.

पांढऱ्या शालीतली म्हातारी होती ती, सगळ्यांत जुनी. चेहरा जागच्या जागी, हात जागच्या जागी. शाल डाव्या खांद्यापासून कोपरापर्यंत गेलेली. तिथे उघडा कॅनव्हास होता आणि रंगाचं ओघळून खालपर्यंत आलेलं राखाडी पाणी वाळलेलं होतं.

"कुणी पुसलं?"

भावजी दाराची कडी चाचपत राहिले.

"चौकातल्या दुकानाने?"

"दुकानात गेलंच नाही अजून. घरीच कागद काढत होतो. धूळ होती फार. तेलरंगच आहे असं… ओलं फडकं फिरवलं."

काकूंना क्षणभर कळेचना. मग कळलं तेव्हा रागाआधी त्यांना नवलच वाटलं. तीस वर्षं हा माणूस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आला होता की सगळं आपण एकट्याने, तेलरंगात केलंय. सांगता सांगता त्याचं त्यालाच खरं वाटू लागलं होतं. बायकोची शाल त्याने स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती, आणि फडक्याला रंग आल्यावरच त्याला तिची आठवण झाली होती.

"बाकीची?"

"बाकीच्यांना हात नाही लावला."

"बसा."

"वहिनी, हे नीट करा काहीतरी. तुम्ही तिच्या शेजारी बसायचात. तुम्हाला माहीत आहे ती काय घालायची त्यात."

"काय घालायची ते माहीत आहे. ते हवं तर कालवून देते. हात कुठून आणू?"

आणि काकूंनी खरंच कालवून दिलं. सरसाची वडी पाण्यात मऊ केली, कोमट केली, पांढऱ्यात किंचित राखाडी मिसळलं, मऊ फडक्याची चिंधी फाडली आणि वाटी भावजींपुढे ठेवली. भावजींनी चिंधी बोटाला गुंडाळली. काका करवत ठेवून बघायला आले. पहिला थर भावजींनी दिला तो वाळायच्या आत दुसरा दिला, आणि तो वाळायच्या आत तिसरा. तिसऱ्याला खालचे दोन्ही थर उचलून आले आणि खांद्यावर लापशीसारखा गोळा झाला. भावजींनी तो पुसला. पुन्हा सुरुवात केली. चार वाजले, पाच वाजले. आयुष्यात ते कधी एखाद्या रंगासाठी थांबलेले नव्हते, आणि आता थांबायचं म्हटलं तर त्यांच्या हाताला ते येईना. शेवटी त्यांनी चिंधी वाटीत टाकली.

"हे चित्र वगळा म्हणून सांगतो दालनाला. सतरा लावू."

"प्रदर्शन लागलं तर हेही लागेल. असंच."

"असं उघडं? लोक विचारतील काय झालं."

"विचारू देत. आणि भावजी, सतरा काय नि अठरा काय, चौकटी मी करीन, मागचे कागद माझे लागतील. पण आता पाठीवर लिहून भागत नाही हे तुम्हीच दाखवलंत. पाठीवरचं तुम्हीसुद्धा वाचत नाही. पुढच्या पाटीवर तिचं नाव हवं. तुमच्या नावाशेजारी, त्याच अक्षरात."

"नाहीतर?"

"नाहीतर मी एकाही चित्राला हात लावणार नाही. आणि चष्मेवाल्या बाईंनी विचारलं, कुठल्या चित्राला कुठवर पाणी चालतं, तर तेही सांगणार नाही. मग दालनात कुणी कुठलं फडकं मारेल ते तुमचं तुम्ही बघा."

"हे धमकावणं झालं वहिनी."

"झालं खरं," काकू म्हणाल्या. "आधी शब्दांत सांगून पाहिलं होतं."

भावजींनी भावाकडे पाहिलं. काका बराच वेळ त्या उघड्या खांद्याकडे बघत होते. मग म्हणाले, "मी लाकूड कापतो. चौकटीवर हिचं बोट कुठे लागलं आणि माझं कुठे, ते गिऱ्हाइकाला कळत नाही. पण मला कुणी विचारलं तर मी सांगतो बाबा."

भावजी उठले. चादर तिथेच राहिली. दारात पाठमोरे असताना म्हणाले, "काय लिहायचं ते लिहा," आणि चालत निघून गेले. रिक्षा केली नाही.

चष्मेवाल्या बाईंनी पुस्तिका पुन्हा लिहिली. तरल, पारदर्शी, संयमी हे शब्द त्यांनी तसेच ठेवले, फक्त ते आता धाकटीच्या नावाखाली आले. देहासाठी त्यांनी काकूंना विचारलं, 'हट्टी' वापरू का? काकू म्हणाल्या, वापरा, त्यात वाईट काही नाही, हट्ट नसता तर माणूस पन्नास वर्षं एकच बाई काढत बसला असता का? ते वाक्य बाईंनी जसंच्या तसं छापलं.

प्रदर्शनाच्या दिवशी गर्दी झाली ती पुसलेल्या शालीपुढे. नणंद आली नाही. भावजी आले, कोपऱ्यात उभे राहिले, लोकांशी बोलले, आणि काकूंकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. पुढेही कित्येक महिने ते जेवायला आले नाहीत. काकांना ते लागलं. काकूंनाही लागलं, पण त्यांनी ते कुणापाशी बोलून दाखवलं नाही आणि आपला शब्दही मागे घेतला नाही.

कारण काम अजून संपलेलं नव्हतं. दालनातली अठरा झाली, पण भावजींची कितीतरी चित्रं लोकांच्या घरी गेलेली होती, दुसऱ्या दुकानांच्या चौकटींत, कोऱ्या पाठींनी. काकूंनी चष्मेवाल्या बाईंकडून पत्ते घेतले. गुरुवारी दुकान बंद असतं. त्या दिवशी त्या तपकिरी कागद, सरस आणि पेन्सिल पिशवीत घालून निघतात. बहुतेक जण चहा देतात. एक साहेब मात्र दारातच अडून बसले.

"चित्र माझं आहे. माझ्या भिंतीवर आहे. त्यावर तुम्ही काय म्हणून लिहायचं?"

"पुढची बाजू सगळी तुमची, साहेब," काकू चपला काढत म्हणाल्या. "मला फक्त पाठ द्या. पाच मिनिटं लागतील. आणि जरा हात लावा उतरवायला, जड आहे."